पगडी गल्लीची अध्यक्ष

थाटीपुर, ग्वाल्हेर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय पद्माआत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि ही बातमी निम्मी ऐकण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आमच्या पगडी गल्लीत बायकांची संघटना झाली आहे आणि तिची संयोजक तुझी भाची आहे.

तू लग्न होऊन मिरजेला गेलीस तेव्हा पगडी गल्लीत नुसती फेट्यांची आणि जरीची दुकानं असतील. आता महाराज बाड्याकडून आत शिरलीस तर लग्नाचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. आणि जिथे बघशील तिथे बायका. वरच्या मजल्यावर माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान, त्याला लागून सोनिकाचं पार्लर, खाली गरिमाचं लेस-बटणांचं दुकान, जिन्याखाली शांताताईंच्या बांगड्या. सगळ्या मिळून आम्ही चाळीसेक तरी आहोत. आणि एवढ्या बाजारात बायकांसाठी एकसुद्धा स्वच्छतागृह नाही.

जूनमध्ये शांताताई दुकानातच चक्कर येऊन पडल्या. मी आणि सोनिका त्यांना ऑटोत घालून कंपू भागातल्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिनभर में पानी कितना पीती हो?" शांताताई म्हणाल्या, "सुबह चाय. फिर घर जाकर." ग्वाल्हेरचा जून, आत्या. बाई नऊ तास बिनपाण्याची बसत होती, आणि इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. डॉक्टरीण त्यांच्यावर रागावली. मी आणि सोनिका एकमेकींकडे बघत राहिलो, कारण आम्ही दोघी पण तेच करतो.

त्या आठवड्यात पार्लरच्या खुर्च्यांवर पहिली बैठक झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, बायका जिन्यावर बसल्या. नावावरून तासभर भांडलो आणि शेवटी 'पगडी गल्ली महिला व्यवसाय संघ' ठरलं. मागणी एकच. गल्लीच्या तोंडाशी व्यापारी मंडळाची एक खोली आहे. तिथे नळ आहे, मागून गटाराची लाइन जाते. सध्या तिचा उपयोग एवढाच की दुपारी मंडळाची माणसं तिथे पत्ते आणि कॅरम खेळतात. ती खोली आम्हाला हवी.

अडचण पण एकच. मंडळाचे अध्यक्ष माझे सासरे आहेत, आणि बाबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

तुझी,
मंजिरी


मिरज
२१ ऑगस्ट २०२४

चि. मंजिरी,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, आपल्या घरातल्या मुलीनं ह्या विषयावर इतकं उघड लिहावं का. दुसऱ्यांदा वाचताना शांताताईच दिसत राहिल्या. तेव्हा उघडच लिहीत जा. तुझ्या मराठीत हिंदी किती शिरलीय ते मात्र बघ, सगळीकडे 'पण' म्हणजे 'भी'.

आता दोन गोष्टी ऐक. सूर्याजीरावांना ही गोष्ट बाजारातून कळता कामा नये. घरी, जेवण झाल्यावर, तू स्वतः सांग. माणूस करारी आहे. तुझं लग्न ठरलं तेव्हा आपल्याकडची भिक्षुकी आणि त्यांच्याकडची शिलेदारी ह्यावरून दोन्हीकडचे मामा कुजबुजत होते, तेव्हा त्यांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं. अशा माणसाला पाठीमागून काही केलेलं चालत नाही.

दुसरं, मंडळाची नियमावली मागवून घे. आमच्या सोसायटीत मी सात वर्षं चिटणीस आहे. पहिल्या वर्षी मला कोणी विचारत नव्हतं. नियम पाठ झाल्यापासून सगळे विचारूनच करतात.

आणि सुलोचनाबाईंना सांभाळ. तुझ्या सासूबाई फार मवाळ आहेत. नवरा एकीकडे आणि सून एकीकडे अशी त्यांची ओढाताण नको.

तुझी,
आत्या


थाटीपुर, ग्वाल्हेर
९ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसंच केलं. जेवण झालं, राजवर्धनने ताटं उचलली आणि मी बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मंडळापुढे मांड. घरात मी अध्यक्ष नाही." मला वाटलं, काम झालं.

मंडळाच्या बैठकीला आम्ही अकरा जणी गेलो. मी दोन वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात एका काकांनी विचारलं, ह्या सगळ्या कोण? बाबांनी नियमावली उघडली आणि शांतपणे वाचून दाखवलं की दुकानाचा परवाना ज्याच्या नावावर असेल तोच सदस्य, आणि सदस्यालाच बोलण्याचा हक्क. "आप लोग बैठ सकती हैं," ते म्हणाले, "बोल नहीं सकतीं." माझ्याकडे बघून पण तेच वाक्य.

बाहेर आल्यावर सोनिका रडकुंडीला आली होती. मी मात्र तुझं पत्र आठवत होते. पार्लरमध्ये जाऊन आम्ही प्रत्येकीला विचारलं, तुझं दुकान कुणाच्या नावावर? सोनिकाचं नवऱ्याच्या. गरिमाचं भावाच्या. माझं पण नवऱ्याच्याच, राजवर्धनच्या, कारण परवाना काढायला तो गेला होता आणि मी मशीन घ्यायला. आणि गंमत बघ, शांताताईंचा परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाला. नवरा गेल्यावर त्यांनी तो करून घेतला होता. मतलब इतकी वर्षं त्या सदस्य होत्या आणि एकदाही त्यांना कोणी बैठकीला बोलावलं नाही.

आता मोहीम सुरू आहे. नावं बदलायची. महापालिकेत जायचं, अर्ज द्यायचा. खरी लढाई मात्र घराघरात आहे. सोनिकाच्या नवऱ्याने लगेच सही केली, म्हणाला, "पार्लर तुम्हारा, तो नाम मेरा क्यों?" गरिमाच्या भावाने चार दिवस तोंड फिरवलं. मग तिने दुकानाची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, उद्यापासून तूच बस. तो एक दिवस बसला. लेसचे अडीचशे प्रकार असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी सही झाली.

राजवर्धनला मी विचारलं तेव्हा तो जरा थांबला. म्हणाला, "बाबांना वाईट वाटेल." मी म्हटलं, "आणि मला?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. दोघं मिळून गेलो आणि अर्ज देऊन आलो. परत येताना मी बाड्यावर थांबून त्याला कचोरी खाऊ घातली. पंधरा वर्षांच्या संसारात मी इतकी खूश कधी नव्हते असं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, लग्नाच्या दिवशी पण नाही का?

घरी गणपती बसले आहेत. आई मोदक करताहेत आणि काही बोलत नाहीत. आमच्या फेट्यांच्या दुकानातही त्या मागच्या बाजूला फेटे बांधत बसतात, तशाच. त्यांना हे आवडतंय की नाही, काही कळत नाही.

तुझी,
मंजिरी


मिरज
२० सप्टेंबर २०२४

चि. मंजिरी,

आशीर्वाद. अर्ज दिलात हे उत्तम. पण अर्ज देऊन घरी बसू नका. दर दोन दिवसांनी कोणीतरी जाऊन विचारायचं, आणि दर वेळी वेगळी बाई जायची, म्हणजे सगळ्यांना जायची सवय होईल.

सुलोचनाबाई बोलत नाहीत ह्याचा अर्थ त्यांना हे पसंत नाही. मी त्यांना तुझ्या लग्नात पाहिलंय. चार दिवसांत चार वाक्यं बोलल्या असतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, सणासुदीला तर नकोच.

गरिमाच्या भावाची गोष्ट मी आमच्या मैत्रिणींना सांगितली. आता दर बैठकीला त्या विचारतात, ग्वाल्हेरचं पुढे काय झालं.

आत्या


थाटीपुर, ग्वाल्हेर
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

तुझ्या मैत्रिणींना सांग, ग्वाल्हेरमध्ये धमाल झाली.

दसऱ्यापर्यंत सव्वीस जणींचे परवाने हातात आले. मी म्हटलं, आता जोर दाखवायचा. करवा चौथच्या आधीचे चार दिवस गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मेंदी, बांगड्या, ब्लाउज, पार्लर, सगळं आमच्याकडेच. मी ठराव मांडला की त्या चार दिवसांत आपण दुकानं बंद ठेवायची, मग बघू मंडळ कसं ऐकत नाही. टाळ्या पडल्या. मी फुगले.

तेव्हा शांताताई उठल्या. "मंजिरी, तुझ्याकडे वर्षभर ब्लाउज येतात. माझे हेच चार दिवस आहेत. बंद ठेवलं तर माझं घर बंद होईल."

मला कानापर्यंत लाज वाटली. ज्या बाईसाठी हे सगळं सुरू झालं, तिलाच मी सगळ्यात महाग पडणार होते. मी ठराव मागे घेतला. मग सोनिका म्हणाली, बंद कशाला, उघडं ठेवूनच सांगू या. गिऱ्हाईक पण बायकाच आहेत ना.

मग प्रत्येक दुकानाबाहेर एक पाटी लागली: 'इस बाज़ार में महिलाओं के लिए शौचालय नहीं है. कृपया ध्यान में रखकर ख़रीदारी करें.' बस, एवढंच. पहिल्या दिवशी बायका वाचून हसल्या. दुसऱ्या दिवशी विचारायला लागल्या, का नाही? आम्ही मंडळाच्या खोलीकडे बोट दाखवायचो. तिसऱ्या दिवशी दतियाच्या एक बाई मुलीच्या लग्नाची खरेदी करत होत्या, आमच्याच दुकानात, बाबांच्या समोर. वीस फेटे निवडून झाले होते. मुलगी त्यांच्या कानात काही बोलली आणि त्या उठल्या. बाबा म्हणाले, "क्या हुआ, बहनजी?" त्या म्हणाल्या, "होना क्या है, भाईसाहब. बाहर की तख़्ती आपने भी पढ़ी होगी. बच्ची को लेकर जा रही हूँ." आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

बाबा बराच वेळ त्या निवडलेल्या फेट्यांकडे बघत बसले. आई मागून आल्या, फेटे उचलले, घड्या घालून जागेवर ठेवले. राजवर्धन सांगत होता, त्या एवढंच म्हणाल्या, "हे रोज होतं. तुम्ही आज पाहिलंत."

बाबांनी आता सगळ्यांची बैठक आणि निवडणूक २४ नोव्हेंबरला लावली आहे. बारा वर्षं ते बिनविरोध निवडून येताहेत. ह्या वेळी आमची पण मतं आहेत. दिवाळीच्या ऑर्डरी इतक्या आहेत की मशीनवरून मान वर होत नाही, तरी झोप येत नाही, इतकं बरं वाटतंय.

तुझी,
मंजिरी


मिरज
४ नोव्हेंबर २०२४

चि. मंजिरी,

आशीर्वाद आणि दिवाळीचा फराळ पोस्टाने पाठवला आहे, चिरोटे मोडले असतील.

तीन पानं लिहिलीस, पण निवडणुकीला कोण उभं राहणार ते लिहिलं नाहीस. म्हणजे बायका तुलाच उभं राहा म्हणताहेत, आणि तुला राहायचं आहे. तुझं अक्षर मला तू पहिलीत असल्यापासून माहीत आहे. लपवताना ते फार नीटनेटकं येतं.

मंजिरी, उभी राहू नकोस. भीतीपोटी म्हणत नाही. शांताताईंचं ऐकून तू ठराव मागे घेतलास तेव्हाच मला कळलं की तू पुढारी होणार. पण सासऱ्यांच्या विरोधात सून उभी राहिली की लोक स्वच्छतागृह विसरतील आणि तुमच्या घराचा तमाशा बघतील. दुसरी कोणी शोधा. सोनिका का नको? आणि सुलोचनाबाई. तुमच्या दोघांच्यामध्ये त्या बिचाऱ्या भरडल्या जातील.

माझं ऐकायलाच हवं असं नाही. पण ऐकलंस तर मला बरं वाटेल.

आत्या


थाटीपुर, ग्वाल्हेर
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

आधी कबूल करते, तू बरोबर ओळखलंस. सगळ्या मलाच म्हणत होत्या आणि मी मनातल्या मनात भाषण पण तयार केलं होतं. तुझं पत्र आलं त्या रात्री मी ते उशाशी ठेवून पडले होते. पण एका बाबतीत तू चुकलीस, आणि तुझ्याबरोबर मी पण. आता सावकाश वाच.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "मग, उद्या माझ्यासमोर माझी सून उभी राहणार?" राजवर्धन माझ्याकडे बघतोय, मी ताटाकडे.

आई भाकरी वाढत होत्या. बाबांच्या ताटात भाकरी ठेवत म्हणाल्या, "मंजिरी नाही. मी उभी राहतेय."

बाबा हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. आईंनी परात खाली ठेवली. "दुकान मामंजींनी दोघांच्या नावावर केलंय. कर भरायच्या वेळी माझी सही चालते, तर मत का नाही चालणार?" हे काही गुपित नव्हतं, आत्या. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त त्याचा असा उपयोग होतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "सुलोचना, तू बाजारात बोलशील?"

"बत्तीस वर्षं बाजारातच बसलेय. बोलायला कोणी सांगितलं नाही, म्हणून फेटे बांधले."

बाबा उठून गेले. भाकरी तशीच राहिली. मला रडू येत होतं आणि खरं सांगू का, थोडं वाईट पण वाटत होतं, माझं भाषण वाया जाणार म्हणून. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू उभी राहिलीस तर ते तुझ्यावर कायमचे रागावतील. माझ्यावर किती दिवस रागावणार? तू ते भाषण मला शिकव."

तर मी शिकवलं. पंधरा दिवस मी आणि सोनिका त्यांच्यासोबत दुकान दुकान फिरलो. आणि तिथे मला कळलं की आई बाजाराला कशा माहीत आहेत. कुणाच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड दारात आल्यावर फेटे कमी पडले तेव्हा आईंनी बांधून पाठवले होते. कुणाची सून आठव्या महिन्यात गल्ल्यावर बसायची, तिला आई दुपारी रिक्षाने घरी सोडून यायच्या, कशासाठी ते आता तुला सांगायला नको. पुरुषांनी पण ऐकून घेतलं. चष्म्याच्या दुकानातला अभिराम म्हणाला, "काकू, माझी बायको दुपारनंतर दुकानात थांबत नाही. मी समजायचो, तिला कंटाळा येतो."

बाबा ह्या सगळ्या दिवसांत आईंशी एक शब्द बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर राजवर्धनकडे मागायचे.

निवडणुकीच्या दिवशी आईंनी माझं भाषण वाचलंच नाही. उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "ह्या गल्लीत आपण लोकांच्या डोक्यावर मान ठेवतो. आपल्याच बायका तहानलेल्या बसतात. मला खोली हवी आहे. खुर्ची त्यासाठी हवी आहे." आणि बसल्या.

मतं मोजली. आई सात मतांनी निवडून आल्या. शांताताईंनी पहिल्यांदा मत दिलं आणि मग बाहेर येऊन जिन्यावर बसून हसत राहिल्या, थांबेचनात. गरिमाने गल्लीभर पेढे वाटले.

बाबा सगळ्यांच्या आधी घरी गेले. आम्ही पोचलो तेव्हा दिवा न लावता बसले होते. आईंनी दिवा लावला, चहा केला, समोर ठेवला. कप उचलून बाबा म्हणाले, "खोलीतला कॅरम कुठे ठेवणार आहात?"

आई म्हणाल्या, "आपल्या माळ्यावर जागा आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन राजवर्धनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

तुझी,
मंजिरी


मिरज
९ डिसेंबर २०२४

चि. मंजिरी,

तुझं पत्र मी सोसायटीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. 'मी उभी राहतेय' इथे थांबावं लागलं, कारण टाळ्या वाजल्या. त्या मला कानातल्या यंत्राशिवाय ऐकू आल्या.

सुलोचनाबाईंना मी मवाळ म्हटलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि एवढंही सांग की, माणूस ओळखण्यात मी हुशार आहे असा माझा जो समज होता तो त्यांनी मोडला. आनंदाने मोडू दिला.

आता कामाचं. पाण्याची टाकी मोठी घ्या. दाराला आतून भक्कम कडी. आणि साफसफाईला बाई नेमाल तिला पगार नीट द्या, नाहीतर दोन महिन्यांत कुलूप लागेल. सूर्याजीराव काय म्हणतात ते कळव. हरलेल्या माणसाकडे लक्ष द्यावं लागतं.

आत्या


थाटीपुर, ग्वाल्हेर
३ मार्च २०२५

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. लग्नसराई होती आणि बांधकाम होतं. फरशी बसवणाऱ्याने दोनदा दगा दिला, टाकी तू सांगितलीस तेवढी मोठी घेतली. १५ फेब्रुवारीला दार उघडलं. तीन बाय चार मीटरची जागा, आत आरसा, बाळाचे कपडे बदलायला एक फळी. ती फळी आईंची कल्पना.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. आमची बातमी मुरार भागातल्या बाजारात पोचली. तिथल्या दुकानदार बायकांनी निरोप पाठवला, तुम्ही कसं केलंत ते येऊन सांगा. काल आम्ही गेलो. आई, मी, सोनिका. आईंना सोडायला बाबा स्कूटरवर आले. म्हणाले, मी बाहेरच थांबतो.

शाळेच्या हॉलमध्ये पन्नास-साठ बायका होत्या. आईंनी सगळं सांगितलं, परवान्यापासून फळीपर्यंत. मागून एक मुलगी उठली, यशश्री तिचं नाव, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. तिने विचारलं, "काकू, घरचे रागावले तर?"

मला वाटलं, आई काहीतरी धीर देणारं बोलतील. त्या म्हणाल्या, "रागावतात. माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मला फार कठीण गेलं, मी खोटं नाही सांगणार. पण त्या पंधरा दिवसांत मला कळलं की त्यांच्याशिवाय पण मला पुष्कळ बोलता येतं."

सगळ्या हसल्या. मी दाराकडे बघितलं. बाबा बाहेर थांबलेले नव्हते. दारात उभे होते, आणि त्यांच्या सोबत मुरारच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते, त्यांचे जुने दोस्त. आम्ही आत होतो तेवढ्यात बाबा जाऊन त्यांना त्यांच्या दुकानातून उठवून घेऊन आले होते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आईंना पण नाही.

बाबा त्यांना घेऊन मधल्या वाटेने पुढे आले. बायका सरकून जागा देत होत्या. आईंच्या समोर येऊन थांबले, जरा खाकरले आणि दोस्ताला म्हणाले,

"इनसे मिलो. ये हमारी अध्यक्ष हैं. पहले मैं था."

तुझी,
मंजिरी